दोघींची गोष्ट आणि पुरावा मागणारी माणसं

माझी कथा तेरखेड्यातल्या फटाक्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या दोन बायांची होती. दोघींचं एकमेकींवर प्रेम. एकीचं लग्न होतं, पण सासर त्याच गल्लीत, आणि दोघी पुढंही एकमेकींच्या आधारानं जगतात. कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही.

मी ईट गावातल्या शाळेत शिकवते. समता, हक्क यांवर बोलणाऱ्या एका ऑनलाइन गटात होते. बहुतेक जण पुण्या-मुंबईचे. माझ्यासारख्या बायांबद्दल शिवी न देता बोललेलं मी पहिल्यांदा तिथं वाचलं. म्हणून कथा तिथंच टाकली.

त्याआधी तिला दाखवली होती. ती तामलवाडीची, नर्स आहे. आमच्या नात्याला आम्ही कधी नाव दिलेलं नाही. एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसून तिनं मोबाइलवर सगळी वाचली.

"व्हय, असंच असतंय," ती म्हणाली. "पण ती दुसरी लई रडती गं. मी एवढी रडती का?"

"ती मी आहे," मी म्हणाले. दोघी हसत सुटलो.

गटात मात्र कुणी हसलं नाही. कार्यशाळा घेणाऱ्या एका बाईंनी लिहिलं, 'पुन्हा तेच. बाईचं लग्न लावून द्यायचं आणि त्याला वास्तव म्हणायचं.' दुसऱ्यानं विचारलं, 'कथेत लेस्बियन हा शब्द एकदाही नाही. लाज वाटते का?' मग सगळेच सरसावले. 'बाहेरच्यांनी आमच्या दुःखावर नाव कमवू नये. लेखिका स्वतः कोण आहे, ते आधी सांगावं.'

मी लिहिलं, 'या बायांना मी जवळून ओळखते.' त्याची टिंगल झाली. बाईंनी माझा फोटो शाळेच्या नावासकट स्वतःच्या पानावर लावला आणि 'आमच्या जगण्यावर डल्ला' असं वर लिहिलं.

माझं डोकं फिरलं. गावात लोक काय काय बोलतात, पण तू कोण आहेस याचा पुरावा मला कुणी मागितला नव्हता. तो मागितला माझ्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांनी. मी एकच ओळ टाकली, 'मी त्यांच्यातलीच आहे. झालं समाधान?' थोड्या वेळानं ती पुसली. तोवर तिचा स्क्रीनशॉट फिरत फिरत माझ्या धाकट्या भावापर्यंत पोचला होता.

तो दुपारी मोबाइल घेऊनच घरी आला. उभ्या उभ्याच बोलला.

"ताई, हे खरं हाय का?"

"व्हय."

"आईला कळू देऊ नगं," म्हणाला आणि पाणी न पिताच गेला. त्याची पोरगी रोज संध्याकाळी माझ्याकडं अभ्यासाला यायची. ती यायची बंद झाली.

इकडं गटात माझ्या नावापुढं लाल बदाम आणि इंद्रधनुष्यं. त्या बाईंचा फोन आला. "किती धाडसी आहात तुम्ही! आमच्या लाइव्हला याल का? ग्रामीण आवाज हवाच आहे आम्हाला."

"काल घशात हात घालून काढून घेतलंत, आज त्याला धाडस म्हणता?"

"अहो, आमचा हेतू तसा नव्हता..."

"तुमच्या हेतूपायी माझी भाची घरी येत नाही. तिला काय सांगू? तुम्हाला कथेतली बाई झेंडा घेऊन चालणारी हवी होती, म्हणून?"

त्यांनी फोन ठेवला. फोटो काढून टाकला, पण माफीचा एक शब्द नाही. मी गट सोडला.

तामलवाडीची घाबरली होती. बरेच दिवस तिनं माझा फोन उचलला नाही. मग एका रविवारी आली ती थेट स्वयंपाकघरात शिरली आणि चहा टाकत म्हणाली, "लिवायचं थांबू नगंस. मला वाचायचंय अजून."

लिहिते आहे. बायांची लग्नं होतात तिथं होतात, शब्द तोंडात येत नाही तिथं येत नाही. कुणाच्या सोयीसाठी एक ओळ बदलणार नाही. भाची शाळेत दिसते, लांबून हात करते आणि मान खाली घालून निघून जाते. त्या बाईंना याचं उत्तर मी कधीतरी तोंडावर मागणार आहे.