स्वयंपाकघरातल्या शेवया

हे मी आजवर घरात कोणाला बोललेले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या जावेला ओळखत नाही.

पिंगळीत माझं शेवयांचं मशीन आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. बायका रवा आणून देतात, मी शेवया पाडून, वाळवून देते. तीन वर्षांपूर्वी घराचं काम काढलं. मशीनच्या खोलीत फरशी बसवली आणि — इथेच जीभ अडते बघा — स्वयंपाकघरही नवं केलं. हिरव्या टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, मोठी खिडकी. एवढी हौस मी लग्नातसुद्धा केली नव्हती.

परभणीच्या कर सल्लागारांनी बजावलं होतं, "ताई, धंद्याच्या खोलीचाच खर्च धरता येतो. घरचा नाही." मला कळलं नाही असं म्हणू? चांगलं कळलं. तरी मी म्हणाले, आमच्याकडे शेवया स्वयंपाकघरात वाळतात. त्यांनी फोटो मागितला. मग काय — घरात कोणी नाही असं बघून ओट्यावर, खिडकीला, फ्रिजवर काठ्या लावल्या आणि शेवया टांगल्या. एकटीच खो खो हसत होते. शेवया वाळतात गच्चीवर, उन्हात. भाताच्या वाफेत त्यांचा लगदा होतो, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण सल्लागार साहेबांच्या घरी शेवया पाकिटातून येत असाव्यात. फोटो चालला. कर कमी बसला.

एवढंच असतं तर गप्पच राहिले असते. पण झरीची माझी धाकटी जाऊ सुशीला, ती घरातच ब्लाउज शिवते, ती विचारायला आली.

"अक्का, मला बी स्वयंपाकघर करायचंय. शिलाईच्या खर्चात धरता येतं का वो?"

खरं सांगायची हिंमत कुठली? ताठ मानेने म्हणाले, "न्हाई. धंदा येगळा, घर येगळं."

तिने काम पुढे ढकललं. दोन उन्हाळे पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत भाकरी थापल्या. आणि गावभर सांगत सुटली — हिशेब शिकावा तर आमच्या अक्काकडून!

गेल्या महिन्यात तिचं स्वयंपाकघर झालं. खिडकी तर माझ्या खिडकीपेक्षा मोठी! आम्ही दोघींनी मिळून पुरण वाटलं, जुन्या गोष्टी काढून पोट दुखेपर्यंत हसलो. पहिली पोळी तिने माझ्या ताटात वाढली आणि जेवायला बोलावलेल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "अक्काचं ऐकलं म्हणून एक रुपया बी खोटा धरला न्हाई. लय हलकं वाटायलंय."

मी पोळीवर तूप मागून घेतलं आणि खाल्ली.