गुडघ्यांची पुडी

मिरचीत रंग घातलेला मला चटकन कळतो. चाळीस वर्षं मी शिवाजी पेठेत लोकांना चटणी करून दिली. भुकटी ओल्या बोटांत चोळून पाण्याखाली धरली की मिरची धुऊन जाते, रंग बोटाच्या रेषांत बसून राहतो. धन्यातला भुसा, हिंगातलं पीठ, सगळं मी नाकानं आणि जिभेनं पकडलं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण या बाबतीत गल्लीत माझा शब्द चालायचा आणि मला ते आवडायचं.

धाकटी जाऊ आणि मी एकत्र राहतो. दोघींचेही नवरे गेले. तिचे गुडघे धरले होते, जिना बसून उतरायची. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, त्याची तिला भीती. कुणीतरी म्हणालं, मुरगूडच्या बाजारात एकजण गुडघ्यांचं झाडपाल्याचं औषध देतो. मी तिला घेऊन गेले.

माणूस टापटीप होता. पुढ्यात मुळ्यांचे ढीग. औषध वर्तमानपत्राच्या कागदात बांधून द्यायचा. पुडीवर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही.

"पावणं, ह्यात हाय तरी काय?" मी विचारलं.

"रानातलं हाय समदं, मावशी. सांगून कळणार हाय व्हय तुमास्नी?"

"न कळायला काय झालं? आना हिकडं."

चिमूट घेऊन वास घेतला, जिभेवर ठेवली. सुंठ, मेथी, ओवा, हिंग आणि कसलीशी कडू साल. रंग नाही, भुसा नाही. "माल चोख हाय," मी मोठ्यानं म्हणाले. रांगेतल्या बायकांनी ऐकलं.

"मावशी, तुमी आमच्या शेजारीच बसा की," तो हसून म्हणाला.

मग त्यानं पथ्य सांगितलं. वांगं नको, आंबट नको आणि औषध चालू आहे तोवर रक्त तपासायचं नाही, रक्त काढलं की गुण जातो. आमच्या लहानपणी काविळीचं औषध देणारेही असलंच काहीबाही सांगायचे. मला त्यात वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी जाऊ उभ्यानं जिना उतरली. ते बघून गल्लीतल्या चार-पाच बायकांनी पुड्या मागितल्या आणि मी आणून दिल्या.

वर्ष गेलं. जावेला भूक फार लागायला लागली. गाल गोल झाले. "अक्का, बघा की, लग्नात हुतो त्यापेक्षा गुटगुटीत झालो," म्हणायची. लोक म्हणायचे, अंग धरलं. पण तिचे हातपाय बारीक होत होते. बांगडी जरा दाबली तरी मनगटावर निळा डाग पडायचा. पायाला विळी लागली ती जखम दोन महिने ओली राहिली. मी हे सगळं बघत होते आणि गप्प होते. गुडघे चालत होते ना!

नवरात्र आलं. आम्ही दोघी नऊ दिवस उपवास करतो. घट बसायच्या आदल्या दिवशी ती पुडी घेऊन माझ्याकडं आली.

"अक्का, ही उपासाला चालती का?"

मी हुंगून बघितलं. "मेथी हाय, हिंग हाय. न्हाय चालत. ऱ्हाऊ दे नऊ दिवस."

"आनि गुडघं धरलं तर?"

"वरीसभर खाल्लीस की. नऊ दिवसांत काय मरतीस व्हय?"

हे मीच बोलले.

उपवासाच्या दुसऱ्या दिवशी तिचं अंग दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी उलट्या. उपवासाचा थकवा म्हणून मी लिंबूपाणी देत बसले. चौथ्या दिवशी सकाळी घटाला माळ घालायला उठली आणि तिथंच खाली बसली. डोळे उघडे, पण मला ओळखेना. हात गार पडले होते. रिक्षात घालून दवाखान्यात नेली.

तिथली डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. रक्तदाब फार खाली गेला होता. "कुठलं औषध एकदम बंद केलं का?" तिनं विचारलं.

"डॉक्टरचं काय न्हाय. झाडपाल्याची पुडी हुती."

तिनं जावेचा चेहरा बघितला, मनगट बघितलं आणि पुढं काही न विचारता इंजेक्शन दिलं. मग माझ्याकडं वळली. "आजी, त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असणार."

"मी चाखलीया. माल चोख हाय."

"चाखून ते कळत नाही. आणि मेथीनं तीन दिवसांत गुडघा चालायला लागतो का?"

तिनं मला समजेल असं सांगितलं. शरीर ते रसायन स्वतः रोज थोडं बनवतं. बाहेरून वर्षभर मिळालं की बनवणं सोडून देतं. मग बाहेरचं एकदम तोडलं की माणूस कोसळतो. बंद करायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू. "उद्या आणलं असतं तर उपयोग झाला नसता," ती म्हणाली. मी जिला कडू साल समजले ते काय होतं, देव जाणे.

जाऊ वाचली. आता रोज सकाळी मोजून गोळ्या घेते. तिचं शरीर पुन्हा स्वतःच्या जोरावर कधी चालेल, चालेल की नाही, हे डॉक्टरीण सांगत नाही. मी सगळं कबूल केलं तेव्हा जाऊ म्हणाली, "तुमी तरी काय करनार, अक्का?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी ज्यांना पुड्या आणून दिल्या त्यांच्या घरी गेले. सांगितलं, आजच डॉक्टरकडं जा आणि तोवर आपल्या मनानं बंद करू नका. बाकीच्या गेल्या. कोपऱ्यावरच्या घरातली गेली नाही. दारात भांडी घासत होती. तिचेही गाल आता गोल झालेत.

"तुमीच म्हनाला की चोख हाय."

"चुकलं माझं."

"मग आता बराबर हाय कशावरनं?"

तो माणूस आता कुठं भेटतो, मी विचारलं. ती म्हणाली, तो माणूस मुरगूड सोडून हल्ली कागलला बसतो, ती स्वतः जाऊन आणते. त्याचं गाव कुठलं, फोन नंबर काय, तिला माहीत नाही. एखाद्या बाजाराला तो आलाच नाही तर पुडी संपेल आणि तिला वाटेल, बरे झालेत गुडघे, राहू दे.

मी रोज सकाळी तिच्या दारावरून जाते. आत भांड्यांचा आवाज ऐकू आला की पुढं होते.