देवाच्या नावाने मी दिलेलं वचन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. गुडघे टेकून ज्याला सांगायला हवं त्यालाही धड नाही — त्याच्यापुढे बसलो की मी पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गळक्या पत्र्यांसाठी प्रार्थना करतो. लांबलचक. आमच्या मंडळीत माझी प्रार्थना नावाजलेली आहे.

तुम्ही कोण, मला माहीत नाही. म्हणून बरं वाटतंय. आणि बरं वाटतंय, याचीही शिसारी येते.

जळगावात, पिंप्राळ्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मंडळीचा मी बऱ्याच वर्षांचा सेक्रेटरी. दर डिसेंबरात दुकानात नव्या वर्षाची वचनं छापतो. तुमच्याकडे ही रीत नसेल, तर सांगतो. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, वचनं छापलेल्या चिठ्ठ्या सुरळ्या करून ताटात ठेवतात. एक जानेवारीच्या सकाळी, उपासना संपत आली की एकेकाने पुढे यायचं, डोळे मिटायचे, एक उचलायची. जी निघेल ती त्या वर्षासाठी देवाने तुला दिलेली. कोणी तिला फ्रेम करतं, कोणी मोबाइलच्या कव्हरात ठेवतं. मनासारखं निघालं नाही म्हणून हळूच दुसरी उचलणारे नगही आमच्यात आहेत. पण बहुतेकजण मनापासून मानतात.

चिठ्ठ्या छापायचो मी, कापायचो मी, आणि ताटही मीच धरायचो. एवढ्यावरून तुम्हाला वास आलाच असेल.

इंदूअक्का आमच्या मंडळीतली विधवा बाई. शिरपूरकडची, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन जळगावला आली आणि मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. अक्षर फारसं येत नव्हतं. मार्था, तिची लेक, तिला शास्त्र वाचून दाखवायची. ऐकताना अक्का मान डोलवायची नाही, रडायची नाही. नुसती ऐकायची — कोणी पत्ता सांगत असावं आणि आपल्याला तिथं खरंच जायचं असावं, तशी. मी तीस-तीस वर्षं वचनं पाठ केली. असं ऐकलं नाही कधी.

माझ्या बहिणीचा मुलगा प्रवीण बोदवडला असतो. त्याच्यासाठी मुलगी पाहत होते. मार्था बारावी झालेली, कामसू, गरीब घरची. गरीब घरची — हे महत्त्वाचं. कारण प्रवीणचं एक ठरलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुड्यानंतर फिरायला नेलेल्या मुलीवर त्याने हात उचलला होता, भर रस्त्यात. हे मला ठाऊक होतं. मीच मध्यस्थी करून ते प्रकरण मिटवलं होतं. बहीण रडली, म्हणाली, लग्न झालं की सुधारेल. असली पोरं लग्नाने सुधारत नाहीत, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण बहिणीचं रडणं माझ्या घरात येऊन बसलं होतं आणि मला ते घराबाहेर काढायचं होतं.

अक्काने चौकशी केली ती माझ्याकडेच. मी म्हणालो, पोरगा सोन्यासारखा आहे. तरी तिचं मन घेईना. कुठून तरी तिच्या कानावर थोडं आलं होतं. शेवटी ख्रिसमसच्या आठवड्यात ती दुकानात आली, काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "भाऊ, मी देवले इचारसू. नवा सालना वचनमा जे निंघी, तेच मी ऐकसू."

समोरच मशीनवर त्या वर्षाच्या चिठ्ठ्या छापल्या जात होत्या.

आता सांगतो. किती वेळ हे कागद आणि सुरळ्या करत बसू?

मी एकच वचन निवडलं. त्याचे शब्द इथे लिहीत नाही, हात धजत नाही. अर्थ एवढाच, की ज्याने शब्द दिला तो विश्वासू आहे, न भिता पाऊल टाक. त्या एकाच वचनाच्या दहा चिठ्ठ्या केल्या आणि कोटाच्या डाव्या खिशात ठेवल्या. एक तारखेला अक्का नेहमीसारखी शेवटच्या रांगेत होती. तिची रांग उठेपर्यंत ताट जवळजवळ रिकामं झालं. उरलेल्या दोन-चार मी उजव्या खिशात घातल्या, डाव्यातल्या ताटात ओतल्या. सगळ्यांसमोर. कोणाला काय वाटणार? सेक्रेटरी ताट भरतोय.

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. मग तिने बोटांनी सुरळ्या चाळवल्या — एक उचलली, परत ठेवली, दुसरी घेतली. देवाला नीट निवडू देत होती ती! आणि मी ताट धरून उभा होतो, चेहरा पवित्र करून.

तिच्या मागच्या दोघींनाही अर्थातच तेच निघालं. एकाच रांगेत तिघींना एकच वचन! पाळकसाहेब गहिवरले, त्यांनी दोन्ही हात वर केले, मंडळीने हालेलूया केलं. मीही केलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

लहानपणापासून शिकलोय, माणूस फिरेल पण देव फिरत नाही. बोलला ते करतो. यावर माझा विश्वास नव्हता असं समजू नका. होता. आहे. म्हणून तर त्याचं नाव वापरता आलं. ज्याच्या शब्दावर कोणी विसंबतच नाही, त्याच्या नावाने खोटं बोलून काय मिळणार? मी देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि जी बाई विश्वासाने मान टाकून बसली होती, तिच्यावर चालवली.

एप्रिलमध्ये लग्न झालं. पत्रिका मी फुकट छापून दिल्या.

पहिल्या दिवाळीच्या आतच मार्था माहेरी आली, ओठ फुटलेला. दुसऱ्या वर्षी आली तेव्हा डाव्या कानाचा पडदा फाटलेला होता. तिला घरी ठेवून घ्यायला अक्काकडे जागा होती, वसतिगृहात लेकीसाठी कामही होतं. पण तिच्या शास्त्रात ती चिठ्ठी होती. मला बोलावून माझ्यासमोर तिने ती काढली, लेकीच्या मांडीवर ठेवली. "देव खोटं बोलस नही, पोरी. त्याना शब्द शे. धीर धर."

एक वाक्य बोलायचं होतं मला. अक्का, ते देवाचं नव्हतं, माझं होतं. तेवढ्याने ती पोर सुटली असती. मी काय केलं? मान हलवली. अक्काच्या हातचा चहा प्यायलो. साखर जास्त झाली होती, तेही लक्षात आहे — इतका मी शांत होतो.

असल्या माणसाला मंडळीने गेल्या वर्षी शाल दिली. विश्वासू सेवेबद्दल.

अक्काला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तिला नाही. म्हणजे हाही पळपुटेपणाच. मार्था अजून बोदवडला, त्याच घरात आहे. चर्चमध्ये येत नाही. आईने शास्त्र दिलं तर हात लावत नाही. बहीण म्हणते, सून नास्तिक निघाली.

आणि हे सगळं सांगूनही, जे सांगायला बसलो होतो ते राहिलंच. चिठ्ठीचं पाप एकवेळ मी बहिणीच्या नावावर ढकलीन. पुढचं कोणाच्या नावावर ढकलू?

त्या कानाच्या वेळी मार्थाला सासरी पोचवायला मीच गेलो. सकाळची पॅसेंजर होती. बोदवडला उतरलो, गाडी पुढे गेली, फलाटावर आम्ही दोघंच. तिने पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, देव माझ्या आईशी खोटं बोलला."

तिला माझ्याकडून काही नको होतं. फक्त जे खरं वाटत होतं, ते ती कोणाला तरी सांगत होती. आणि खरं काय ते सांगू शकणारा जगातला एकमेव माणूस तिच्यासमोर उभा होता.

मी म्हणालो, "देव खोटं बोलत नाही, बेटा. तुझाच विश्वास कमी पडला."

मी तिच्या डाव्या बाजूला होतो. तिला ऐकू आलं नाही. तिने वळून चांगला कान पुढे केला, विचारलं, "काय म्हणाले, मामा?"

आणि मी ते पुन्हा म्हणालो. मोठ्याने.