हलीमाबीनं बुजवलेली विहीर

हलीमाबी नांदगाव खंडेश्वरची. लग्न होऊन बाळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आली, तेव्हा इथल्या पाण्यानं तिची चांगलीच फजिती केली. आमचा गाव खारपाणपट्ट्यातला. जमीन काळीभोर, पण खालचं पाणी असं की डाळ शिजत नाही आणि चहा फाटतो. तिच्या नवऱ्याच्या, नबीभाईंच्या अंगणातली विहीर तेवढी गोडी, कारण ती उथळ होती. पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं आणि ती विहीर जेमतेम त्या सायीपर्यंतच पोचलेली. अख्खी गल्ली तिच्यावर जगायची.

हलीमाबीच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. जीव मात्र होता शेजारच्या मनकर्णावर. मनकर्णाला मुतखड्याचा जुना त्रास, एक किडनी तर कामातूनच गेलेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, खारं पाणी बंद, गोडं भरपूर प्या. म्हणून सकाळचा पहिला हंडा मनकर्णाचा, असा हलीमाबीचा कायदाच होता.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. हलीमाबीच्या माहेरी पाणी आटलं की विहीर खोल करतात. इथंही तेच करायचं, असं तिनं ठरवून टाकलं. नबीभाई बिचारे म्हणाले, "अवं, इकडं खोल नाई जात कोनी."

"तुमी तं पयलेपासूनच भित्रे," असं म्हणून तिनं माहेरचे बेलदार बोलावले.

पाणी भसाभसा लागलं. गल्लीत साखर वाटली गेली. त्याच पाण्याचा चहा चुलीवर ठेवला आणि तो पातेल्यातच फाटला. खालचं खारं पाणी वर आलं होतं. मला त्या बाईचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू? तिच्या हट्टापायी सगळी गल्ली कोरडी पडली.

टँकर आला तर आला. मनकर्णा पाणी घोट घोट पुरवून प्यायची आणि कळा आल्या की पोट धरून पडायची. हलीमाबी तिच्या उशाशी जाऊन बसली.

"मले शिव्या दे, मनकर्णा."

"शिव्यांनं तहान जाते काय वं?" मनकर्णा म्हणाली. "जेवढं खंदलं तेवढं बुजव ना, बाप्पा."

हलीमाबी दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. दुष्काळात लोक विहिरी खणतात आणि ही बुजवते, म्हणून पारावर हसण्याला ऊत आला. मनकर्णाचे दीर खुशालराव सगळ्यात जास्त हसले, आणि चिकणमाती आणायला बैलगाडीही त्यांनीच दिली. नवराबायकोनं विहिरीतलं खारं पाणी उपसलं, ती माती तळाशी घालून धुमसानं ठोकठोक ठोकली. घरावरच्या टिनाला पन्हाळी लावली आणि तिचं पाणी रेती-कोळशाच्या टाकीतून विहिरीत सोडलं. सुरुवातीच्या सरी मात्र बाहेर जाऊ दिल्या, कारण टिनावर कबुतरांची घाण साचलेली.

भादव्यापर्यंत विहीर बरीच भरली. तरी हलीमाबी मनकर्णाला थेंब देईना.

"आधी मी पिऊन पायतो आठ दिवस. तुये हाल मले पुन्हा पायाचे नाईत."

मनकर्णा कसली थांबते! तिसऱ्याच दिवशी तांब्या घेऊन आली आणि हलीमाबीच्या हातून बालटी ओढून घेतली. एक घोट घेतला अन् थांबली. हलीमाबीचा चेहरा पांढराफटक पडला.

"खारं हाय काय? सांग ना वं!"

मनकर्णा ओट्यावर बसली आणि तांब्या तोंडाला लावून गटागटा प्यायली, हनुवटीवरून पाणी लुगड्यावर सांडलं तरी थांबली नाही. मग रिकामा तांब्या पुढं केला.

"अजून दे."

हलीमाबीनं घाईघाईनं बालटी विहिरीत सोडली. दोर दोन्ही हातांत होता, त्यामुळे डोळे पुसता येईनात, आणि ते विहिरीभोवती जमलेल्या आम्हा सगळ्यांना दिसलं.