दुसऱ्याने लावलेलं लग्न

मोबाइल नव्हते तेव्हा देवळाली कॅम्पच्या बसमध्ये एक बाई रोज माझ्या शेजारी वाचनालयाची जाड कादंबरी उघडून बसायच्या आणि पानागणिक 'च्च' करायच्या. एका गाजलेल्या ऐतिहासिक प्रेमकथेचा तो पुढचा भाग होता, पण लेखक दुसराच.

"मूळ लेखकानं राजकन्येला जन्मभर झुरत ठेवलं. ह्या मेल्यानं तिचं लग्न लावून दिलं!"

"मग वाचता कशाला?"

"स्थळ पसंत नाही म्हणून लग्नातलं जेवण सोडायचं का?"

त्यांनी परत केल्यावर ते पुस्तक मी घरी आणलं. लग्नाच्या प्रकरणाची सगळी पानं भाताच्या शितांनी चिकटवलेली! चहाच्या वाफेवर धरून मी ती सोडवली, लग्न चवीनं वाचलं आणि ताज्या शितांनी पुन्हा चिकटवून टाकली.

राजकन्या झुरायला मोकळी.