दरीकडे पाठ

बाजारपेठेत त्यांना सगळे ‘दरीवाले’ म्हणत. जीपमधून पाहुण्यांना वरच्या कड्यावर न्यायचं आणि दरी दाखवायची, हा त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा धंदा. दाखवायची म्हणजे कशी? कठड्याच्या चार हात अलीकडे, पाहुण्यांकडे तोंड करून उभं राहायचं, एक हात झोकात मागे फेकायचा आणि सुरू! “डावीकडे नदीचं वळण. उजवीकडे, पलीकडच्या गावातली जुन्या गिरणीची चिमणी...”

पाहुण्यांना वाटे, काय अदब आहे माणसाची! खरं कारण एवढंच, की खाली बघितलं की दरीवाल्यांचे पाय लटपटत. दरी त्यांनी पाहिली होती एकदाच, धंद्याच्या पहिल्या दिवशी. तीही एका डोळ्याने.

जगाला कळलं असतं तरी चाललं असतं. बायकोला कळता कामा नये. ती खाली बाजारात मध विकायची. दुकान सोडून तिला कधी वर जाता आलं नाही. मग संध्याकाळी ती बरण्या धूत असताना दरीवाले खाटेवर पाय पसरून, तिखटमीठ लावून दरी सांगत. घरात त्यांचा जो काही रुबाब होता, तो या दरीवरच उभा होता.

एका बुधवारी पेठेतला रस्ता खोदला म्हणून बाजार बंद राहिला. सकाळी बघतात तर बायको ठेवणीतल्या चपला घालून जीपमध्ये पुढच्या सीटवर.

“अगं, तुला गाडी लागते!”

“लिंबू घेतलंय. चला.”

मागे गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या एक पाहुण्या बाई. कड्यावर पोचल्यावर दरीवाल्यांनी घसा खाकरला, पाठ फिरवली, हात फेकला. नदी झाली. चिमणी आली.

“कुठंय चिमणी?” बाई म्हणाल्या.

“धुकं असेल, बाई.”

“धुकं? चक्क ऊन पडलंय हो!”

दरीवाल्यांनी मागे न बघताच हात आणखी थोडा उजवीकडे नेला. बायको कठड्याला रेलून उजवीकडे बघत होती. मग तिनं मान वळवून नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही बुटांची टोकं जीपकडे!

“पाडली ती,” ती बाईंना म्हणाली. “दोन वर्षं झाली. तिथली गिऱ्हाइकं सांगतात ना. पण यांचं असं आहे, पूर्वी काय होतं तेही सांगायचं.”

“वा! किती अभ्यास!” म्हणत बाई दुर्बीण सावरत पुढे गेल्या.

बायको हळूच जवळ आली. “गेल्या महिन्यात कुणा पाहुण्यानं चिमणीचा फोटो काढला म्हणालात ना?”

“काढला की.”

“कशाचा?”

दरीवाले बुटाच्या टोकाने माती उकरू लागले.

“हात द्या. मला भीती वाटते खाली बघायची,” असं म्हणणारी ती बया आत्ताच कमरेपर्यंत कठड्याबाहेर वाकली होती! पण त्यांनी हात दिला. एक पाऊल. दुसरं. कठडा हाताला लागला.

“काय दिसतंय?”

“तुझा खांदा.”

“त्याच्या पलीकडे बघा.”

त्यांनी डोळे गच्च मिटले, मान वळवली आणि एक डोळा उघडला. मग, बराच वेळ घेऊन, दुसरा.

“अगं... नदीला दोन वळणं आहेत!”

“आहेत ना? मग आजपासून संध्याकाळी दरी मी सांगणार,” ती म्हणाली. “बरण्या तुम्ही धुवा.”