पसंत आहे, फी भरा!

फोटो स्टुडिओत धूळ आणि किस्से कितीही झाडा, साचतातच! अकोल्याच्या जुन्या शहरात माझा स्टुडिओ आहे. शाळा मी चौथीत सोडली, पण लोकांची तोंडं पाहण्यात जन्म गेला. पूर्वी लोक पासपोर्ट फोटोला यायचे, नाहीतर लग्नाची ऑर्डर घेऊन. आता जो येतो तो म्हणतो, "काका, पोर्टफोलिओ काढायचा हाय. मॉडेल व्हायचं हाय!"

व्हा ना बाप्पा! माझं काय जातं? पण यातल्या अर्ध्यांना कोणीतरी आधीच लुटलेलं असतं, आणि उरलेले लुटून घ्यायला निघालेले असतात.

त्यात आमची पल्लवी. माझ्या मोठ्या बहिणीची, आक्काची, ही नात. उंच, सावळी, फोटोत छान येते. हे मी फोटोवाला म्हणून सांगतो, आजोबा म्हणून नाही. तिच्या बापानं, भास्करनं, साफ सांगून ठेवलं होतं, "नर्सिंगच्या ॲडमिशनचे पैसे तेवढे घरात हायत. ते या मॉडेलिंगच्या पायी गेले तर दुसरे नाईत. मंग कॉलेजही नाई अन् मॉडेलिंगही नाई. सरळ लग्न!"

पोरगी माझ्याकडे येऊन बसायची, लोकांच्या कहाण्या ऐकायची, हसायची. आणि घरी गेली की पुन्हा मोबाईलवर एजन्स्या शोधायची. आता बोला!

*

बाळापूरचा एक पोट्टा नाचतच आला. "काका, मुंबईच्या एजन्सीत सिलेक्शन झालं!" मोबाईलवर मेसेज होता. अभिनंदन, तुमचा चेहरा आम्हाला हवा तसाच आहे, आजच्या आज रजिस्ट्रेशन फी भरा.

मी विचारलं, "फोटो कोनता पाठवला होता?"

"फोटो? तो तर काढायचाच हाय अजून!"

"मंग चेहरा पाह्यला कोनाचा बे? तुह्या बापाचा?"

तरी त्याला पटेना. मग मी माझाच फोटो काढून त्या नंबरवर पाठवला. कानटोपी घातलेली, दाढी वाढलेली, कवळी काढून ठेवलेली. चहा संपायच्या आत उत्तर! अभिनंदन, असाच फ्रेश चेहरा पाहिजे होता, फी भरा!

पोट्टा गुपचूप उठून गेला. मी घरी बायकोला मेसेज दाखवला. तिनं चष्मा लावून वाचला, मग मला खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "मुंबईले जासान तं कवळी घालून जा. अन् येतानी मेथी घेऊन या."

*

एक बाई पोराचा अल्बम घेऊन आली. पाटासारखा जाड! एजन्सीनं सांगितलं होतं की फोटो आमच्याच फोटोग्राफरकडून काढायचे, दुसऱ्याचे चालत नाहीत. त्यात काय होतं? धूर! धुरात उभा, गॉगल लावून उभा, टोपी डोळ्यांवर ओढून उभा, आणि एकात तर नुसती पाठ.

बाई मला म्हणते, "दादा, याच्यात माहा पोरगा कोनता, तेवढं सांगा."

राजेहो, काम देणाऱ्याला तोंड दिसलं पाहिजे! खिडकीजवळ उभं राहा. साधे कपडे, पावडर-बिवडर नको. एक फोटो समोरून, एक बाजूनं, एक डोक्यापासून पायापर्यंत. घरच्या मोबाईलवरही निघतात. स्वतःच्या धंद्यावर पाणी सोडून सांगतो आहे, उपकार माना!

*

आमच्या शेजारचे रहीमभाई टेलर. अमरावतीला एका मंगल कार्यालयात मॉडेलिंगची स्पर्धा होती. त्यांनी शिवलेला एक कोट तिथं पोचवायचा होता, म्हणून गेले. संध्याकाळी परत आले ते गळ्यात शाल आणि हातात नारळ घेऊन!

"काय झालं रहीमभाई?"

"अरे, जजच नव्हता आला! त्याहीनं मलेच खुर्चीवर बसवलं. माईकवर सांगतलं, मुंबईचे मोठे फॅशन डिझायनर!"

"मंग? नंबर कोनाले देल्ला?"

"सगळ्याईले दहापैकी दहा. पराये लोकांच्या लेकी, कमी कावून द्यायचे?"

कार्यक्रमवाल्यांना तेच पाहिजे होतं. एंट्री फी भरलेली प्रत्येक पोरगी पहिली आली. मुकुट मात्र एकच होता. एकीच्या डोक्यावर ठेवायचा, फोटो काढायचा आणि लगेच काढून दुसरीच्या डोक्यावर! शेवटच्या पोरीनं तो घट्ट धरला, सोडेचना. रहीमभाई म्हणतात, "पूर्‍या शहरात तेवढी एकच पोरगी हुशार निंघाली."

*

मूर्तिजापूरच्या एका बापाला फोन आला. "आज शेवटचा दिवस आहे, आज पैसे भरा, नाहीतर मुलीची सीट गेली!" तो म्हणाला, "आज मले तूर मळायची हाय, उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, आज शेवटचा दिवस! तूर मळून झाली, विकून झाली, उन्हाळा लागला, तरी त्यांचा शेवटचा दिवस काही उजाडेना.

शेवटी हाच त्यांना म्हणाला, "भाऊ, तुमचा शेवटचा दिवस आला की सांगजा. मी मातीले येतो."

*

आणि हे सगळं ऐकूनही आमची पल्लवी अडकलीच! अमरावतीच्या एका एजन्सीच्या मॅनेजरचा फोन आला, "मुलगी पसंत आहे. रविवारी फी घेऊन ऑफिसला या, मग तिला मुंबईला नेतो." भास्कर नाही म्हणाला. पोरीनं जेवण सोडलं. शेवटी बापच तो, ॲडमिशनचे पैसे काढून हातात घेतले.

तेव्हा आक्का बोलली. "त्याहीनं पोरगी पाह्यली, पसंत केली, देनं सांगतलं, अन् नेतोही म्हनते. अन् आपन अजून घर पाह्यलं नाई? आन ते पैसे इकडे. घर पटलं तं मीच देईन."

आमच्याकडे रीतच आहे. पोरगी पसंत पडली की पोरीकडचे लोक गाडी भरून घर पाहायला जातात. रविवारी निघालो. आक्का, भास्कर, पल्लवी, तिच्या काक्या, मावश्या, मी, आणि बोलणी करायला मोठा माणूस पाहिजे म्हणून रहीमभाई!

दुसऱ्या माळ्यावर ऑफिस. दारावर नवा बोर्ड, आत सोफा, मोठे लाईट, भिंतीवर पोरींचे फोटो. आम्हाला पाहून मॅनेजर उभाच राहिला. "फक्त मुलगी आत बसेल. बाकीचे खाली थांबा."

"आमच्यात पोरगी एकटी बसत नाई," म्हणून आक्का त्याच्याच फिरत्या खुर्चीत बसली.

मग घर पाहणं सुरू झालं. काक्यांनी कपाट उघडलं, रिकामं. मावशीनं नळ सोडला, कोरडा. "पानी कुठून भरता बाप्पा?" भास्कर रीतीप्रमाणे शेजारी चौकशीला गेला. तिथं डबे करून देणारी एक बाई होती. तिला विचारलं, "पोरगा कसा हाय?"

ती म्हणाली, "पोरगा? आठ दिवसासाठी खोली घेतली त्यानं. परवा खाली करून रायला."

भास्करनं येऊन आक्काच्या कानात सांगितलं. आक्का हललीसुद्धा नाही. मॅनेजरला म्हणाली, "याच्या आंधी किती पोरी नेल्या?"

"पुष्कळ नेल्या, आजी! भिंतीवर पाहा ना!"

"त्याच्यातल्या एकीले फोन लाव. कशी नांदते, इचारू दे."

मॅनेजरनं रुमालानं मान पुसली. मोबाईल काढला, पुन्हा खिशात घातला. "लावतो ना. आधी तुमच्यासाठी चहा सांगून येतो," म्हणाला आणि उतरला खाली.

थोड्या वेळानं खिडकीतून खाली पाहत पल्लवी म्हणाली, "आजी, तो मोटारसायकल घेऊन गेला व." आणि डोळे पुसायला लागली. आक्कानं कमरेची पिशवी चाचपली, पैसे जागेवर होते. त्याच पैशांतून पुढं पल्लवी नर्सिंगला गेली. खिडकीजवळचे माझे तीन साधे फोटो पाहून एका साडीच्या दुकानदारानं तिला बोलावलं, आता सुटीच्या दिवशी त्यांच्या साड्या नेसून उभी राहते. पैसे तो तिला देतो, ती त्याला नाही!

पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही बसलेलोच. चहा घेतल्याशिवाय पाहुण्यांनी उठायचं कसं?

इतक्यात दार उघडलं. दर्यापूरकडचे नवराबायको, मागे त्यांची नटलेली पोरगी, बापाच्या हातात पाकीट. आक्काला त्या खुर्चीत पाहून बापानं वाकून हात जोडले. "मॅडम, आमची पोरगी पसंत पडली म्हनून फोन आल्ता."

आक्कानं त्या पोरीला जवळ बोलावलं, डोक्यावरून हात फिरवला आणि बापाला म्हणाली, "ते पाकीट खिशात ठेव बाबू. पोरगा पळाला. दुसरं स्थळ पाह्य."